दगडातल्या माशाचं बारसं: नामशेष माशांची नावं आणि वर्गीकरण, वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जीवाश्मांची पेटी घेऊन विदर्भातल्या शाळा-कॉलेजांत गेलो की प्रश्न ठरलेले असतात. "हा मासा किती जुना?" हा पहिला, आणि "असलं जीभ न वळणारं नाव ठेवलं कुणी?" हा दुसरा. पहिल्याचं उत्तर एका वाक्यात होतं. दुसऱ्याला वेळ लागतो आणि तोवर तास संपल्याची घंटा होते. म्हणून ते इथे सविस्तर लिहून ठेवलं आहे.

जाती, प्रजाती, वंश... नक्की कोणता शब्द वापरायचा?

आधी हा घोळ मिटवू. मराठी पाठ्यपुस्तकांत वर्गीकरणातली वरची पायरी (इंग्रजीत जीनस) 'प्रजाती' आणि खालची (स्पीशीज) 'जाती' असते. वर्तमानपत्रांत बरोबर उलट. "माशाची नवी प्रजाती सापडली" या बातमीत त्यांना जातच म्हणायची असते. वरच्या पायरीला काही जण हिंदीसारखं 'वंश' म्हणतात. मी पाठ्यपुस्तकाबरोबर जातो.

'ओटोडस मेगालोडॉन' हे एका नामशेष, प्रचंड शार्कचं नाव घ्या. ओटोडस ही प्रजाती. दोन्ही शब्द मिळून जातीचं नाव होतं. मतदार यादीत असतं तसं आडनाव आधी आणि पाळण्यातलं नाव मागून. एका आडनावाखाली अनेक जण असू शकतात, पण आडनाव आणि नाव यांची तीच जोडी प्राण्यांमध्ये पुन्हा देता येत नाही. नुसतं 'मेगालोडॉन' हे लाडाचं नाव झालं. शास्त्रीय लेखनात ते एकटं उभं राहत नाही.

नाव देणं आणि वर्गीकरण करणं एकच ना?

नाही, आणि बाकीचे निम्मे प्रश्न इथेच सुटतात.

नाव देण्याला लिखित नियम आहेत. प्राण्यांच्या नावांची आंतरराष्ट्रीय संहिता आहे, तिची चौथी आवृत्ती १ जानेवारी २००० पासून लागू आहे, आणि तिच्या लेखी प्राण्यांच्या नावांचा इतिहास १ जानेवारी १७५८ ला सुरू होतो. स्वीडनचे निसर्गतज्ज्ञ लिनीअस यांच्या त्या वर्षीच्या ग्रंथापासून मोजणी धरतात. नाव कधी छापलं, वर्णन दिलं का, नमुना कोणता, एवढंच ही संहिता बघते. तो मासा कुणाचा चुलत आणि कुणाचा मावस, यात ती पडत नाही. तो भाग अभ्यासकांच्या मताचा, आणि मत नव्या पुराव्यानिशी बदलतं.

आपल्याकडचंच उदाहरण देतो. चंद्रपूर जिल्ह्यात वरोरा तालुक्यात डोंगरगाव आहे. तिथे दख्खनच्या लाव्ह्याखालच्या लॅमेटा थरांत सुमारे सात कोटी वर्षांपूर्वीचे मासे मिळतात. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममधल्या आर्थर स्मिथ वुडवर्ड यांनी १९०८ मध्ये त्यांचं वर्णन छापलं आणि नावं दिली: एओसेरॅनस हिस्लोपी, लेपिडोस्टियस इंडिकस, पिक्नोडस लॅमेटी. यातलं पहिलं उलगडून बघा. 'एओस' म्हणजे पहाट. सेरॅनस हा आपल्या हेकरूच्या भाऊबंदांपैकी एक मासा. 'हिस्लोपी' हे स्टीफन हिस्लॉप यांच्या स्मरणार्थ. नागपूरला मिशनरी म्हणून आलेला हा स्कॉटिश माणूस दगडांच्या नादी लागला आणि मध्य भारतातले जीवाश्म गोळा करून त्याने लंडनला पाठवले. थोडक्यात, 'हिस्लॉपचा पहाटेचा हेकरू'.

पुढे २००४ मध्ये भारतीय आणि परदेशी अभ्यासकांच्या एका चमूने हे मासे पुन्हा तपासले. एओसेरॅनस काटेरी परांच्या मोठ्या गटातला, त्या गटाच्या अगदी सुरुवातीच्या सभासदांपैकी एक, इथवर ठीक. पण सेरॅनसच्या कुळात तो खात्रीने बसत नाही. मग नाव बदललं का? नाही. वुडवर्डचं मत मागे पडलं तरी त्यांनी दिलेलं नाव त्या दगडाला चिकटून आहे. हेकरू असो वा नसो, तो एओसेरॅनस हिस्लोपीच.

होलोटाइप म्हणजे काय?

ज्या एका नमुन्यावर जातीचं नाव टांगलेलं असतं तो होलोटाइप. तो 'सर्वांत चांगला' किंवा 'नेहमीसारखा' मासा असेलच असं नाही. कधी कधी तो अर्धा मोडका असतो. नाव नेमकं कशाला दिलं यावर भांडण झालं तर शेवटचा शब्द त्याचा.

जुन्या काळी लोक चार-पाच तुकडे एकत्र बघून नाव देत आणि होलोटाइप सांगत नसत. नंतर लक्षात यायचं की त्या पाचांत दोन वेगवेगळे मासे आहेत. अशा वेळी पुढचा अभ्यासक त्यातला एक निवडतो आणि नाव त्याच्याकडे राहतं. १९९९ नंतर दिलेल्या नावांना होलोटाइप स्पष्ट सांगणं सक्तीचं झालं. नमुनाच नष्ट झाला तर? १९४४ च्या एप्रिलमध्ये म्युनिकवर बाँब पडले तेव्हा इजिप्तहून आणलेले डायनासोरांचे आणि माशांचे मूळ नमुने जळाले. अशा वेळी गरज पडली तर नवा नमुना नेमता येतो. दत्तक घेतल्यासारखाच प्रकार.

मेलेल्या माशांत "ही वेगळी जात" हे ठरवतात कसं?

जिवंत प्राण्यांत आपसात प्रजनन होतं का, हे निदान तत्त्वतः तरी बघता येतं. दगडात ती सोय नाही. तिथे आकार आणि आकडे. पाठीच्या कण्यात मणके किती, पाठीवरच्या परात काटे किती आणि मऊ दांडे किती, पर कण्याच्या कितव्या मणक्यासमोर सुरू होतो, शेपटीच्या मुळाशी हाडांची रचना कशी, कवटीतली हाडं एकमेकांना कुठे टेकतात. मत्स्यजीवाश्मांचं वर्णन वाचायला घेतलं की निम्मा वेळ मोजदादच वाचावी लागते. कंटाळवाणं असतं, पण काम तेच करतं.

खवल्यांचं मला विशेष कौतुक आहे. सिरोंच्याजवळ प्राणहितेच्या काठी कोटा गावाच्या नावाने ओळखला जाणारा ज्युरासिक काळातला चुनखडक आहे. त्यातल्या लेपिडोटीस माशाचा एक सुटा खवला माझ्या पेटीत असतो. गर्द तपकिरी, शंकरपाळ्यासारखा चौकोन, आणि वरून असा गुळगुळीत की मुलं त्याला बटण समजतात. भिंगाखाली धरला की चकाकणारा थर वेगळा दिसतो आणि खालचं हाड वेगळं. बोंबलाच्या अंगावर हात फिरवलेल्या माणसाला हे खरंच वाटत नाही. हा मासा चिलखत घालून पोहत होता.

अशाच खवल्यांवर लुई अगासीने सगळी माशांची दुनिया मांडली होती. या स्विस निसर्गतज्ज्ञाने १८३३ ते १८४३ या दहा वर्षांत जीवाश्म माशांवर पाच खंड काढले आणि खवल्यांच्या प्रकारावरून माशांचे चार गण केले: प्लॅकॉइड, गॅनॉइड, सायक्लॉइड आणि टेनॉइड. दिसायला सुटसुटीत, पण टिकलं नाही. चकाकत्या जाड, म्हणजे गॅनॉइड, खवल्यांचे मासे सगळे एका घरातले नव्हते, हे कवट्या आणि सांगाडे नीट बघितल्यावर कळलं. आज ते चार शब्द खवल्यांचं वर्णन करायला उरलेत, माशांचे गट करायला नाही. त्याने ठेवलेली जातींची नावं मात्र शेकड्याने चालू आहेत. पुन्हा तेच: मांडणी गेली, नावं राहिली.

नुसता दात मिळाला तरी नाव देतात?

देतात, आणि निम्मी डोकेदुखी तिथूनच येते.

शार्कचा सांगाडा कूर्चेचा. तो कुजतो, दात उरतात. एक शार्क आयुष्यात हजारो दात टाकते. पुढचे दात वेगळे, बाजूचे वेगळे, वरच्या जबड्यातले वेगळे, पिल्लाचे वेगळे. त्यामुळे एकाच मुशीचे चार दात चार जणांना मिळाले की चार जाती तयार. आता अभ्यासक आजच्या शार्कच्या जबड्यात दात कसे बदलत जातात ते बघून सुटे दात त्या क्रमात लावतात आणि मगच बोलतात. निदान तशी अपेक्षा आहे.

हे दात आहेत हे कळायलासुद्धा वेळ लागला. युरोपात त्यांना 'जिभेचे दगड' म्हणत आणि विषावर उतारा म्हणून जवळ बाळगत. १६६६ मध्ये इटलीत लिव्होर्नोजवळ एक प्रचंड शार्क पकडली गेली, तिचं डोकं फ्लॉरेन्सला निकोलस स्टेनो या शरीररचनातज्ज्ञाकडे पाठवलं, आणि १६६७ मध्ये त्याने लिहिलं की जिभेचे दगड म्हणजे याच प्राण्याचे दात.

हेलिकोप्रियनचा किस्सा याहून मजेदार. रशियात उरल पर्वतात सापडलेलं दातांचं एक चक्र बघून कार्पिन्स्की यांनी १८९९ मध्ये हे नाव दिलं. चक्र हातात, मासा बेपत्ता. हे चक्र जायचं कुठे? कुणी ते नाकाच्या शेंड्यावर गुंडाळलं, कुणी पाठीच्या परावर, कुणी शेपटीवर. शंभरहून जास्त वर्षांनी, २०१३ मध्ये, अमेरिकेतल्या आयडाहोच्या एका नमुन्याचं सीटी स्कॅन झालं तेव्हा दिसलं की चक्र खालच्या जबड्यात मधोमध बसतं. आणि हा मासा शार्कपेक्षा कायमेरा नावाच्या खोल समुद्रातल्या माशांच्या जवळचा निघाला. त्याच वर्षी दुसऱ्या एका अभ्यासात चक्रांची वळणं मोजून ढीगभर 'जाती' तीनावर आणल्या. बाकीच्या बहुतेक त्याच माशाच्या वयाच्या खुणा होत्या.

टायकोडसचे दात गोलसर, वर कंगोरे असलेले, कठीण कवचं फोडणारे. अगासीने नाव दिल्यापासून हा मासा नक्की कोण यावर वाद चालू होता. मेक्सिकोतल्या वायेसियोच्या दगडांतून अख्खे मासे मिळाले आणि २०२४ मध्ये छापून आलं की तो ग्रेट व्हाइट शार्क ज्या गणात येते त्याच गणातला.

आपल्या बाजूला बघायचं तर लाव्ह्याच्या दोन थरांमध्ये अडकलेल्या तळ्यांच्या गाळात असे बारीक दात असतात. तो गाळ वाळवतात, रॉकेलमध्ये भिजवतात, मग पाणी घालतात. घट्ट माती विरघळल्यासारखी सुटते. बारीक चाळण्यांतून धुऊन जे उरतं ते सूक्ष्मदर्शकाखाली पसरायचं आणि ओल्या ब्रशच्या टोकाने एकेक दाणा उचलायचा. तांदूळ निवडल्यासारखं काम, पण दिवसभर खडे वेचून एखादाच तांदूळ हाती येतो. अशा वेचणीतून मिळालेल्या पाकटाच्या दातांना प्रसाद आणि कापेता यांनी १९९३ मध्ये इग्डाबॅटिस इंडिकस हे नाव दिलं. दख्खनचा लाव्हा क्रिटेशियस काळाच्या, म्हणजे डायनासोरांच्या शेवटच्या काळाच्या, अगदी शेवटी वाहत होता, या म्हणण्याला त्या दातांचा आधार मिळाला. जातीची ओळख पटली म्हणून थराचं वय सांगता आलं. "नावांचा उपयोग काय?" विचारणाऱ्याला मी हे सांगतो.

कानातल्या खड्यांवरूनही जाती ठरवतात हे खरं का?

खरं आहे. घोळीचं किंवा ढोम्याचं डोकं फोडलंय का कधी? आत दोन पांढरे कडक खडे निघतात. माशाच्या कानातले ते खडे. जातीगणिक त्यांचा आकार वेगळा असतो आणि ते दगडात चांगले टिकतात. त्यामुळे नुसत्या खड्यांवर नावं दिलेल्या पुष्कळ जाती आहेत. अडचण अशी की सांगाड्यावर नाव देणारे एका बाजूला आणि खड्यांवर नाव देणारे दुसऱ्या बाजूला. दोघांनी एकाच माशाला दोन नावं दिली असतील तर कळणार कसं? एखाद्या सांगाड्यात खडा जागेवर सापडला तरच.

एकाच माशाला दोन नावं पडली तर कोणतं खरं?

आधी छापलेलं. मग ते कितीही दरिद्री नमुन्यावर दिलेलं असो.

कॅन्ससच्या खडूच्या खडकातला झिफॅक्टिनस हा पाचेक मीटरचा दांडगा मासा. जोसेफ लायडीने १८७० मध्ये त्याला नाव दिलं ते छातीच्या पराच्या एका तुकड्यावरून. पुढच्याच वर्षी एडवर्ड कोपला बराच चांगला सांगाडा मिळाला आणि त्याने 'पोर्थिअस' असं नाव दिलं. दोघे एकच प्राणी ठरल्यावर कोपचा सांगाडा हरला, लायडीचा तुकडा जिंकला. याच माशाचा एक नमुना कॅन्ससमधल्या हेज गावच्या संग्रहालयात आहे, त्याच्या पोटात जवळजवळ दोन मीटरचा दुसरा मासा गिळलेला तसाच दिसतो. तो पाटीसुद्धा 'झिफॅक्टिनस' अशीच वागवतो.

याला एक पळवाट ठेवली आहे. आधीचं नाव १८९९ नंतर कुणी वापरलंच नसेल, आणि नंतरचं नाव गेल्या पन्नास वर्षांत निदान दहा लेखकांनी निदान पंचवीस ठिकाणी वापरलं असेल, तर रुळलेलं नाव वाचवता येतं.

उलटा घोळही होतो: एकच नाव दोन प्राण्यांना. स्कॉटलंडमध्ये ह्यू मिलर या पाथरवटाला एक चिलखती मासा मिळाला, ज्याचे पुढचे पर खेकड्याच्या पायांसारखे सांधेदार होते. अगासीने त्याला 'टेरिक्थिस', म्हणजे पंखवाला मासा, असं नाव दिलं. पण ते नाव आधीच खर्ची पडलं होतं. म्हणून ब्लीकरने १८५९ मध्ये 'टेरिक्थिओडिस' केलं. माशाचं प्रजातीनाव कीटकालाही चालत नाही. झाडाला चालतं, त्यांची संहिता वेगळी.

कोनोडॉन्ट मासा आहे का?

१८५६ मध्ये पांडर यांनी या सूक्ष्म दातांसारख्या तुकड्यांना हे नाव दिलं. पुढे सव्वाशे वर्षं प्राणी कुणी बघितलाच नव्हता, पण प्रत्येक आकाराच्या तुकड्याला वेगळं जातीनाव मिळत गेलं. १९८३ मध्ये एडिनबरोजवळच्या ग्रँटनमधला, मऊ अंगाच्या ठशासकट मिळालेला नमुना छापून आला. ईलसारखा लांबट प्राणी, तोंडात वेगवेगळ्या आकाराचे तुकडे एकत्र. म्हणजे एका तोंडातले दात वेगवेगळ्या जातींच्या नावाने कपाटांत पडून होते. आज बहुतेक अभ्यासक त्यांना जबडा नसलेल्या पृष्ठवंशीयांत धरतात. 'मासा' म्हणायचं का, ते तुम्ही मासा कशाला म्हणता यावर आहे; त्याबद्दल पुढे.

मेगालोडॉनचं नाव सारखं का बदलतं? आणि कंसातलं ते माणसाचं नाव कशाला?

अगासीने त्याला ग्रेट व्हाइट शार्कच्या प्रजातीत घातलं: कार्कारोडॉन मेगालोडॉन. दात मोठे, त्रिकोणी, करवती धारेचे. चूक समजण्यासारखी आहे. नंतर वाटलं की हे साम्य वरवरचं आहे, दोघांची घराणी वेगळी. मग तो कार्कारोक्लिसमध्ये गेला. आता बरेच जण त्याला ओटोडसमध्ये ठेवतात, कारण ओटोडसपासून मेगालोडॉनपर्यंत दातांची एक सलग साखळी लागते आणि मधेच आडनाव बदलायला कारण नाही. पाळण्यातलं नाव या सगळ्यात हललेलं नाही.

पूर्ण नाव ओटोडस मेगालोडॉन (अगासी, १८४३) असं लिहितात. कंसाचा अर्थ: नाव अगासीचं, पण त्याने ठेवलं होतं दुसऱ्या प्रजातीत. कंस नसेल तर जात पहिल्या घरातच आहे. काही ठिकाणी तुम्हाला १८४३ ऐवजी १८३५ दिसेल. त्याचे खंड दहा वर्षं हप्त्याहप्त्याने निघाले, चित्रं आधी आणि मजकूर मागून, त्यामुळे कोणतं पान कधी बाहेर पडलं यावर ग्रंथपाल अजून हुज्जत घालतात.

सीलाकांथ जिवंत सापडला तेव्हा त्याला जीवाश्माचंच नाव का दिलं नाही?

चांगला प्रश्न, कारण फुप्फुसमाशाच्या बाबतीत तसंच झालं होतं.

आधी सीलाकांथ. अगासीने १८३९ मध्ये इंग्लंडमधल्या जीवाश्मावरून 'सीलाकांथस', पोकळ काट्याचा मासा, हे नाव दिलं. या गटाचे जीवाश्म क्रिटेशियसच्या शेवटी संपतात, म्हणून सगळ्यांनी तो मेला असं धरलं. २२ डिसेंबर १९३८ ला दक्षिण आफ्रिकेत ईस्ट लंडन बंदरात आलेल्या मासळीत मार्जरी कोर्टने-लॅटिमर या संग्रहालय सांभाळणाऱ्या तरुणीला एक निळसर, मांसल परांचा मासा दिसला. जे. एल. बी. स्मिथ यांनी १९३९ मध्ये त्याला लॅटिमेरिया चालुम्नी हे नाव दिलं. चालुम्ना ही जवळची नदी. गट तोच, पण कोट्यवधी वर्षांच्या अंतराने मासा बराच बदललेला, म्हणून नवी प्रजाती. योग्यच केलं.

दुसरा मासा मिळायला १९५२ उजाडलं. कोमोरो बेटांवरचा हा नमुना आणायला दक्षिण आफ्रिकेचे पंतप्रधान मलान यांनी सरकारी विमान दिलं. या माशाला पाठीवरचा पुढचा पर नव्हता, म्हणून स्मिथनी त्याला वेगळी प्रजाती समजून पंतप्रधानांच्या नावाने 'मलानिया' केलं. तो पर जन्मापासून नव्हता असं काही नाही, तो मासा फक्त जखमी होता. मलानिया आता लॅटिमेरियाचं एक बाद झालेलं नाव आहे.

तिसरी गोष्ट शर्यतीची. १९९७ मध्ये मार्क अर्डमन हे अमेरिकन अभ्यासक इंडोनेशियात मनाडोच्या बाजारात गेले असता तिथे सीलाकांथ दिसला, पुढच्या वर्षी नमुना हाती आला. पण १९९९ मध्ये नाव छापलं ते दुसऱ्याच, फ्रेंच आणि इंडोनेशियन अभ्यासकांच्या गटाने: लॅटिमेरिया मेनाडोएन्सिस. लोकांना ते रुचलं नाही, पण संहितेला रुची नसते. आधी छापलं, नाव त्यांचं.

आता फुप्फुसमासा. सेराटोडस हे नाव अगासीने युरोपातल्या दातपट्ट्यांना दिलं होतं. आजच्या तेलंगणातल्या मलेरीला अशाच पट्ट्या मिळाल्या, आणि भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे पहिले प्रमुख थॉमस ओल्डहॅम यांनी १८५९ मध्ये त्यावरून एकदम तीन जाती केल्या. त्यातली एक पुन्हा हिस्लॉपच्याच नावाची. एकाच जागच्या लहानमोठ्या पट्ट्या खरंच तीन जातींच्या का, ही शंका साहजिक आहे. १८७० मध्ये सिडनीच्या क्रेफ्टना ऑस्ट्रेलियातला जिवंत मासा मिळाला, दात जुळले, आणि त्यांनी त्याला सरळ सेराटोडस म्हटलं. जीवाश्माचं नाव जिवंत माशाला. पुढे तोही वेगळा ठरला आणि निओसेराटोडस झाला.

नावाच्या शेवटी इ, ई, एन्सिस हे काय असतं?

लॅटिन व्याकरण. पुरुषाच्या सन्मानार्थ 'इ': मिलेरी, हिस्लोपी. स्त्रीच्या किंवा आकारान्त नावाच्या ठिकाणी 'ई': चालुम्नी. गावाचं, प्रदेशाचं 'एन्सिस'. गुजरातेतल्या बामणबोरचा इंडियाइक्थिस बामनबोरेन्सिस तसा.

नाव चुकीचं वाटलं म्हणून बदलत नाहीत. कोट्याच्या माशाचं बघा. कर्नल साइक्स यांनी १८५१ मध्ये तो लंडनला सादर केला, वर्णन सर फिलिप एजर्टन यांनी लिहिलं, आणि नाव झालं लेपिडोटस डेक्कनेन्सिस. प्राणहितेच्या काठच्या माणसाला विचारा तो स्वतःला दख्खनचा म्हणवतो का! पण नाव तेच राहणार. आणि लेखक म्हणून एजर्टन, कारण वर्णन त्यांचं, लेख भले साइक्स यांचा असो.

स्वतःच्या नावावरून जात काढायला संहितेत बंदी नाही. कुणी करत नाही; हसं होईल.

'मासे' हा गट तरी खरा आहे का?

बाजारात आहे, वंशवृक्षात नाही. कॅनडाच्या उत्तर टोकाला एल्समिअर बेटावर २००४ मध्ये सापडलेला टिक्टालिक, सुमारे ३७.५ कोटी वर्षांपूर्वीचा, खवले आणि कल्ले असलेला, पण मान आणि मनगटासारखी हाडंही असलेला. त्याचे जवळचे नातलग म्हणजे चार पायांचे प्राणी, अर्थात आपण. सगळ्या माशांना एका फांदीवर ठेवायचं तर बेडूक, गाय आणि तुम्हीही त्याच फांदीवर यायला हवे.

त्यामुळे जुनी खणं मोडताहेत. चिलखती माशांचा प्लॅकोडर्म वर्ग एकसंध मानला जायचा. २०१३ मध्ये चीनच्या युन्नानमधून एंटेलोग्नाथस आला: अंगाने प्लॅकोडर्म, पण जबड्याची हाडं आपल्यासारखी. आता प्लॅकोडर्म म्हणजे एक कुटुंब की आपल्या सगळ्यांच्या पूर्वजांच्या पायऱ्या, यावर घमासान आहे. जुन्या पुस्तकातला तक्ता पाठ केला असेल तर वाया गेला असं समजू नका. तक्त्यातली नावं अजून लागतात.

मला दगडात मासा दिसला तर?

बहुतेक वेळा तो मासा नसतो. काळी झाडासारखी नक्षी म्हणजे मँगनीज, मासोळीच्या आकाराचा गोटा म्हणजे गोटा. खवले, मणके किंवा पराचे दांडे दिसले तर थांबा. छिन्नी लावू नका. नाणं शेजारी ठेवून फोटो काढा, जागा चिठ्ठीवर नेमकी लिहा, आणि जवळच्या भूशास्त्र विभागाला कळवा. वनजमिनीत असेल तर आधी वन खात्याला.

चिठ्ठीचं महत्त्व मी स्वतः ठेच खाऊन शिकलो. सुरुवातीला एकदा घाईत दोन पिशव्यांतल्या चिठ्ठ्या अदलाबदल झाल्या. खवले तेच, चकाकी तीच, पण कुठल्या थरातले ते सांगता येईना. दोन्ही पिशव्या आता मुलांना हाताळायला दिल्या आहेत, तेवढाच उपयोग.

मग मी नवं नाव देऊ शकतो का?

पदवी कुणी विचारत नाही. आधीच्या सगळ्या जवळच्या जातींशी तुलना करा, वेगळेपणा शब्दांत लिहा, होलोटाइप लोकांना बघता येईल अशा संग्रहात नंबर घालून ठेवा, आणि छापा. छापील कागदाऐवजी फक्त ऑनलाइन छापायला २०१२ पासून परवानगी आहे, पण मग झूबँक या नोंदवहीत नोंद करावी लागते. भाषणात सांगितलेलं, फलकावर लिहिलेलं, वर्णनाशिवाय कुठेतरी टाकलेलं नाव 'उघडं नाव' ठरतं. त्याला हक्क नाही.

मराठी नाव चालेल?

चालेल. टिक्टालिक हा इनुइट लोकांचा शब्द आहे, गोड्या पाण्यातला मोठा मासा, आणि तो तिथल्या वडीलधाऱ्यांनी सुचवला. शब्द कोणत्याही भाषेतला चालतो, फक्त लिहायचा रोमन लिपीत.

जिवंत माशांत मराठी केव्हाच शिरली आहे. वर आलेले तेच कर्नल साइक्स मुंबई इलाख्याची माहिती गोळा करत दख्खनच्या नद्यांवर फिरले, तेव्हा भोयांनी आणि कोळ्यांनी जी नावं सांगितली तीच त्यांनी १८३९ च्या सुमारास लॅटिनात बसवली. टॉर खुद्री आणि हिप्सेलोबार्बस कोलस आजही त्या नावांनी चालतात. कोलस म्हणजे आपला कोळस. प्रजातीची आडनावं दोघांचीही नंतर बदलली, म्हणून साइक्स यांचं नाव कंसात.